लॉक कार्डाचं की मशीनचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. आमच्या गावच्या देवळात जत्रेला दरवर्षी नाटक होतं, गावचीच पोरं करतात, यंदाचं शूटिंग मी केलं. झाल्यावर कॅमेऱ्यातलं एसडी कार्ड काढलं, बाजूची ती बारकी पट्टी लॉकवर सरकवली आणि कार्ड भावाकडे दिलं, म्हटलं आता कोणी काही पुसू शकणार नाही. भावाने ते त्याच्याकडच्या कार्ड रीडरमध्ये घातलं, आणि पुतण्याने जागा करायला म्हणून दोन फाईली उडवल्या तर त्या उडाल्या पण! पट्टी बघितली तर लॉकवरच. भाऊ म्हणतो कार्ड डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो कार्डात खोट नाही रीडरात आहे. मला एवढंच सांगा की हे लॉक नक्की कोणाचं, कार्डाचं की मशीनचं? आमच्या वेळच्या फ्लॉपीला पण लॉक असायचं, ते कधी फसल्याचं आठवत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी महत्त्वाचं सांगतो, बाकीचं मागाहून वाचा. ते कार्ड आत्ता जिथे असेल तिथून काढून बाजूला ठेवा आणि त्यात एकही नवीन फोटो, फाईल, काहीही टाकू नका. फाईल डिलीट केली म्हणजे बहुतेक वेळा आतला डेटा लगेच जात नाही, कार्डाच्या यादीतून तेवढं नाव जातं आणि ती जागा रिकामी म्हणून धरली जाते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मग खरं गेलं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून बघा, तुम्हाला नाही जमलं तर ओळखीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला बसवा, आणि सापडलेल्या फाईली कॉम्प्युटरवर सेव्ह करा, परत त्याच कार्डावर नको. मोठे व्हिडिओ कार्डावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेले असले तर अख्खे मिळतीलच असं नाही, पण गावच्या पोरांचं नाटक आहे, पुढच्या वर्षी ते नाटक परत होणार नाही, तेव्हा प्रयत्न कराच.

आता तुमच्या घरातला वाद. भावाचं म्हणणं चूक आहे, दुकानदाराचं अर्धं बरोबर.

कार्ड हातात घ्या, लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे. डाव्या कडेला ती पट्टी दिसेल, नखाने वर खाली होते, खाली ओढली की लॉक. आता कार्ड पालथं करा. मागे सोनेरी पट्ट्या आहेत, साध्या कार्डाला 9, वेगवान यूएचएस-2 वाल्या कार्डाला खाली अजून एक रांग. कार्ड आणि मशीन यांच्यात जे काय बोलणं होतं ते सगळं या सोनेरी पट्ट्यांतून होतं, आणि बाजूची ती लॉकची पट्टी त्यातल्या एकीलाही जोडलेली नाही. आत वायर नाही, स्विच नाही, काही नाही, कार्ड फोडून बघितलं तरी नुसता प्लास्टिकचा तुकडा एका खोबणीत बसवलेला दिसेल. म्हणजे कार्डाच्या आत जी चिप बसलीय तिला आपण लॉक आहोत हे कळतच नाही, कळायची सोयच ठेवलेली नाही. स्विच आहे तो रीडरच्या स्लॉटमध्ये, आत बाजूला एक बारकी पत्र्याची पट्टी असते, कार्ड आत गेलं की ती प्लास्टिकच्या तुकड्याला टेकते किंवा टेकत नाही, आणि त्यावरून रीडर कॉम्प्युटरला सांगतो की हे कार्ड लॉक केलेलं दिसतंय. पुढे ते ऐकायचं की नाही हे रीडरच्या आणि कॉम्प्युटरच्या हातात. एसडीच्या नियमपुस्तकातही तसंच धरलंय, कार्डाचं रक्षण करायची जबाबदारी त्या पट्टीच्या बाबतीत ज्या यंत्रात कार्ड घातलंय त्याची.

जत्रेच्या नाटकाला पुढच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतात ना, तसं आहे हे. रुमाल बघून माणूस बाजूच्या खुर्चीवर बसतो तोवर जागा राहते, रुमाल स्वतः कोणाला उठवत नाही.

स्वस्तातल्या पुष्कळ रीडरांत तो बाजूचा स्विच बसवलेलाच नसतो, किंवा असतो आणि आतली चिप तिकडे बघत नाही. अशा रीडरला खराब म्हणता येत नाही कारण वाचणं-लिहिणं तो व्यवस्थित करतो, पण त्याच्या भरवशावर लॉक लावून कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. एक उदाहरण तर असं आहे की ते ऐकल्यावर तुमच्या भावाचीही खात्री पटेल. कॅननच्या काही छोट्या कॅमेऱ्यांसाठी हौशी लोकांनी सीएचडीके नावाचा प्रोग्राम केलाय, तो कार्डावर टाकायचा आणि कार्ड मुद्दाम लॉक करून कॅमेऱ्यात घालायचं, लॉक दिसलं की कॅमेरा तो प्रोग्राम सुरू करतो आणि मग त्याच लॉक केलेल्या कार्डावर फोटो आरामात सेव्ह होत राहतात. कार्ड अस्सल, कॅमेरा अस्सल, पट्टी लॉकवर आणि तरीही लिहिलं जातंय, कारण लिहायचं की नाही ते ठरवणारा कार्डाच्या बाहेर बसलाय.

कार्डाच्या आतही खरं लॉक असतं हे मात्र सांगितलं पाहिजे. चिपमध्ये दोन खुणा ठेवलेल्या आहेत, एक तात्पुरत्या लॉकची आणि एक कायमच्या लॉकची. त्यातली एक जरी लागली तरी कार्ड स्वतःच लिहू देत नाही, मग रीडर कुठलाही असो. कायमची लावली तर नंतर काढता येत नाही. पण ती लावायला वेगळा प्रोग्राम आणि तसा आदेश पाठवू शकणारा रीडर लागतो, दुकानात कोणी करून देत नाही, त्यामुळे लोक बाजूच्या पट्टीलाच कार्डाचं लॉक समजतात आणि तिथेच फसतात.

आता फ्लॉपीचं. तुमची आठवण बरोबर आहे, फ्लॉपीचं लॉक सहसा फसायचं नाही, पण कारण काय ते बघा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्याला ती सरकती खिडकी असायची, उघडी ठेवली की लॉक. खिडकी फ्लॉपीवर, पण ती बघणारा खटका ड्राइव्हच्या आत, काही ड्राइव्हना खटक्याच्या जागी बारका दिवा आणि समोर प्रकाश ओळखणारा सेन्सर. इथपर्यंत एसडी कार्डासारखंच झालं. फरक पुढे आहे. ड्राइव्ह आणि कॉम्प्युटरच्या मधली ती चपटी 34 तारांची केबल आठवत असेल, तिच्यातल्या 28 नंबरच्या तारेवरून ड्राइव्ह कॉम्प्युटरला कळवायचा की फ्लॉपी लॉक आहे, आणि 24 नंबरच्या तारेवरून कॉम्प्युटर सांगायचा की आता लिही. पण ड्राइव्ह नुसतं कळवून गप्प बसायचा नाही, लॉक असेल तर 24 वर कितीही ओरडा, हेडमध्ये लिहिण्याचा करंट तो जाऊच द्यायचा नाही. हे काम ड्राइव्हच्या स्वतःच्या सर्किटात व्हायचं, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला तिथे शिरकाव नाही. म्हणून 1986 च्या ब्रेन व्हायरसपासून पुढे कित्येक वर्षं लोक सांगत फिरायचे की लॉक फ्लॉपीतही व्हायरस घुसतो, ते खरं नव्हतं, ड्राइव्हचा खटका धड असेल तर कुठलाही प्रोग्राम ते तोडू शकत नव्हता. घुसायचा तो कोणीतरी मधे कधीतरी खिडकी बंद करून फ्लॉपी वापरली की तेव्हा.

म्हणजे दोन्हीकडे खूण मीडियावरच, म्हणजे डेटा ठेवायच्या वस्तूवरच आहे, अडवणारा तेवढा वेगळा. फ्लॉपीला अडवतो ड्राइव्ह, लिहिणाऱ्या हेडच्या अगदी शेजारी बसून. एसडीत अडवायचं काम लांब बसलेल्या सॉफ्टवेअरवर सोडलंय. माझं मत विचाराल तर एसडी कार्ड करताना हे चुकलंय, ज्याच्या हातात लिहिणं आहे त्यालाच लॉक कळायला हवं होतं, आणि एसडीत लिहिणं कार्डातल्या चिपच्या हातात आहे. खूण नेऊन चिकटवलीय ती चिपला न दिसणाऱ्या कडेवर.

मग सरळ ड्राइव्हलाच बटण का नाही देत, असं कोणी विचारेल. तेही करून झालंय! डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरांना आरके-05 नावाचा डिस्क ड्राइव्ह असायचा, 1970 च्या दशकातला, ताटाएवढी डिस्क प्लास्टिकच्या डब्यात, ती काढता घालता यायची आणि एका डिस्कवर अडीच एमबीच्या आसपास डेटा बसायचा. त्याचं लिहिणं बंद करायचा स्विच ड्राइव्हच्या पुढच्या तोंडावर होता. त्याच कंपनीच्या डेकटेपच्या मशीनलाही तसाच, लिहू दे किंवा लॉक, स्विच मशीनवर. खोलीत एकच ऑपरेटर असेल, तोच डिस्क चढवतो तोच उतरवतो, तर हे छान चालतं, कारण आत्ता काय जपायचंय ते त्याच्या डोक्यात असतं. पण डिस्क काढून शेजारच्या ड्राइव्हला लावली की लॉक मागेच राहिलं, डिस्क उघडी पडली. तुमचं कार्ड कॅमेऱ्यातून तुमच्या हातात, तिथून भावाच्या रीडरात गेलं, अशा फिरत्या वस्तूला मशीनवरच्या स्विचचा काय उपयोग? जी वस्तू हातोहात फिरते तिची खूण तिच्याबरोबरच फिरली पाहिजे.

त्याच काळात अर्ध्या इंची टेपची मोठी रिळं होती, त्यांना मागच्या बाजूने एक प्लास्टिकची रिंग बसवायची, रिंग असली तरच मशीन लिहिणार, नसली तर फक्त वाचणार. मला ही पद्धत सगळ्यात शहाणी वाटते. कारण यात विसरलात तर नुकसान होत नाही, रिंग घालायला विसरलात तर फार तर मशीन लिहायला नकार देईल. फ्लॉपीच्या बाबतीत हे उलटसुलट झालं होतं बघा. आठ इंची फ्लॉपीला खाच उघडी असली की लॉक आणि लिहायचं असेल तर खाचेवर स्टिकर लावायचा. सव्वापाच इंचीला नेमकं उलटं, खाच उघडी म्हणजे लिहिता येतं आणि जपायचं असेल तर स्टिकर. आता आपल्याकडच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या वस्तूच्या गोंदाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, स्टिकर सुटला की आठ इंची फ्लॉपी आपोआप लॉक व्हायची आणि सव्वापाच इंची आपोआप उघडी पडायची, तेही कोणाला न कळता. साडेतीन इंचीत ते परत सुधारलं, खिडकीची झडप मोडून पडली तरी भोक उघडं म्हणजे लॉकच.

एसडीची पट्टीही या एका बाबतीत बऱ्या बाजूला आहे, ती तुटून पडली तर स्विच असलेल्या रीडरला कार्ड लॉक दिसतं. पुष्कळांचं कार्ड म्हणून एकदम लिहायचं बंद होतं आणि ते टाकून देतात. टाकू नका, त्या खोबणीवर सेलोटेपचा अगदी बारका तुकडा नीट दाबून लावा, चालू होतं. टेप जाड नको नाहीतर स्लॉटमध्ये अडकेल.

खरोखर मीडियाचंच म्हणावं असं लॉक कुठे असेल तर ते कारखान्यात छापलेल्या सीडीत. तिथे डेटा प्लास्टिकमध्येच ठसा मारून उठवलेला असतो, लेझरने जळेल असा रंगाचा थर त्यात नसतोच, तेव्हा कुठलाही बर्नर आणा, लिहायला जागाच नाही. आपण घरी बर्न करतो त्या सीडी-आरचं तसं नाही. तिला क्लोज केली की ड्राइव्ह पुढे लिहायला नकार देतो, पण तो नकार ड्राइव्हचा, डिस्कवरची नोंद वाचून दिलेला. 1990 च्या दशकात आयोमेगाच्या झिप डिस्क यायच्या, त्यांना तर खिडकी पण नव्हती की खाच पण नव्हती, लॉक सॉफ्टवेअरमधून लावायचं, हवं तर पासवर्ड घालून, नोंद डिस्कवर राहायची आणि पाळायचा ड्राइव्ह.

तेव्हा भावाला सांगा कार्ड बदलायची गरज नाही. आणि पुढच्या जत्रेला शूटिंग झाल्या झाल्या, कार्ड कोणाच्या हातात द्यायच्या आधी, दोन ठिकाणी कॉपी करून घ्या, एक लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, मग पट्टी सरकवा की न सरकवा.

प्रश्न : माझ्या पेनड्राइव्हला कुठलंच लॉकचं बटण नाही, तरी विंडोज सांगतं डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे. फॉरमॅट पण होत नाही. यूट्यूबवर बघून रजिस्ट्रीत काय काय बदललं, फरक नाही. टाकून देऊ का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : थांबा, आधी आतल्या फाईली वाचता येतायत का ते बघा आणि येत असतील तर आजच्या आज सगळ्या कॉपी करून घ्या, उद्यावर टाकू नका. का ते सांगतो.

पेनड्राइव्हमध्ये मीडिया आणि ड्राइव्ह एकाच डबीत आहेत, डेटा ठेवणारी फ्लॅश चिप आणि तिला चालवणारा कंट्रोलर. म्हणून इथे वरच्यासारखा कार्डाचं की मशीनचं असा वाद घालता येत नाही, पण लिहायला अडवणारे तरीही दोन असू शकतात, एक तुमचं विंडोज आणि दुसरा तो कंट्रोलर. कोणी अडवलंय ते कळल्याशिवाय नुसतं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंगं ठेवतं तिथे, हात घालण्यात अर्थ नाही.

तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल ते बहुतेक स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज नावाचं ठिकाण, त्यात राइट प्रोटेक्टची किंमत 1 असली तर विंडोज सगळ्या यूएसबी डिस्कवर लिहायचं बंद करतं. ही सोय एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 पासून, म्हणजे 2004 पासून आहे, ऑफिसातून कोणी डेटा बाहेर नेऊ नये म्हणून कंपन्या वापरतात. पण तसं असतं तर तुमच्या त्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पेनड्राइव्ह अडला असता, आणि हाच पेनड्राइव्ह दुसरीकडे चालला असता. तेवढं आधी करून बघा, दुसऱ्याचा पेनड्राइव्ह तुमच्याकडे आणि तुमचा दुसऱ्याकडे. अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

तुमचाच सगळीकडे अडत असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट चालवा, डिस्कची यादी मागवा आणि तुमचा पेनड्राइव्ह निवडा. निवडताना आकार बघून निवडा, चुकून हार्ड डिस्क निवडलीत तर पुढच्या आदेशाला ती बळी पडेल. मग अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क असं टाइप करा. वरच्या दोन ओळी नीट वाचा, त्या सारख्या दिसतात पण सारख्या नाहीत. करंट रीड-ओन्ली स्टेट ही पहिली ओळ म्हणजे आत्ता प्रत्यक्षात लिहिता येतंय की नाही. नुसती रीड-ओन्ली ही दुसरी ओळ म्हणजे विंडोजने स्वतः लावलेली खूण. दुसरीपुढे येस असेल तर अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली हा आदेश द्या, काम झालं. पण दुसरीपुढे नो आणि पहिलीपुढे येस असं दिसत असेल तर विंडोजची काही तक्रार नाही, पेनड्राइव्हच सांगतोय की मी लिहू देणार नाही.

तसं तो सांगतो याचं नेहमीचं कारण म्हणजे आतली फ्लॅश झिजलीय. फ्लॅशच्या प्रत्येक भागावर किती वेळा लिहिता-पुसता येतं त्याला मर्यादा आहे, त्यातले भाग वाया जायला लागले की कंट्रोलर राखीव भाग वापरत राहतो, आणि राखीवही संपत आले की बरेचसे कंट्रोलर लिहिणं बंद करून टाकतात, म्हणजे निदान आहे ते वाचता तरी यावं. एसडी कार्डं पण अशीच जातात. ही शेवटची सवड असते, किती दिवसांची त्याचा नेम नाही, म्हणून म्हटलं आजच कॉपी करा. त्यानंतर ते रिपेअर टूल, हे लो लेव्हल फॉरमॅट असल्या भानगडीत पडू नका. एखादं टूल त्याला परत लिहिता करेलही, पण त्याच्यावर परत मुलीचे दहावीचे प्रोजेक्ट नाहीतर घराचे कागद ठेवणार का तुम्ही? मी तरी म्हणेन नका ठेवू.

नवीन घेताना बाजूला खरा स्विच असलेला मिळतो, आपल्याकडच्या दुकानांत सहसा नसतो, ऑनलाइन शोधावा लागतो आणि महागही पडतो. पण त्यात स्विच थेट कंट्रोलरला जोडलेला असतो, म्हणजे अडवणारा आणि लिहिणारा एकच, त्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरला लावला तरी लॉक पाळलं जातं. सायबर कॅफेत नाहीतर झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला पेनड्राइव्ह द्यावा लागतो अशांनी तो घ्यावाच, तिथले कॉम्प्युटर दिवसभरात कोणाकोणाचे पेनड्राइव्ह खातात त्याला गणती नसते आणि एकाचा व्हायरस दुसऱ्याच्या घरी जातो.

प्रश्न : वडिलांनी चवथीच्या आरत्या आणि घुमटवादन कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवलंय, वडील आता नाहीत. घरात लहान मुलं आहेत, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाईल अशी भीती वाटते. कॅसेटला लॉक करता येतं ना? आणि मोबाईलमध्ये कशा घ्यायच्या?
— एक वाचक, साखळी

उत्तर : येतं, आणि कॅसेटचं लॉक अगदी डोळ्याला दिसतं. कॅसेट अशी धरा की ए बाजू तुमच्याकडे आणि टेप दिसते ती उघडी कड खाली. आता वरच्या कडेला दोन्ही टोकांना एकेक चौकोनी प्लास्टिकचा पापुद्रा आहे, तीन बाजूंनी कापलेला. डावीकडचा ए बाजूचा, उजवीकडचा बी बाजूचा. बारक्या स्क्रूड्रायव्हरने आत दाबला की मोडतो, तुकडा कॅसेटच्या आत पडू देऊ नका, बाहेर काढा. झालं लॉक. डेकमध्ये एक बोटासारखी दांडी असते, पापुद्रा असला की तो तिला मागे ढकलतो आणि रेकॉर्डचं बटण खाली जातं, नसला की दांडी त्या भोकात शिरते आणि बटण दाबलं तरी जाग्यावरून हलत नाही. आधी एखाद्या रिकाम्या कॅसेटवर करून बघा, कारण एखाद्या जुन्या डेकची दांडी वाकलेली नाहीतर गंजलेली असली तर खूण असूनही तो रेकॉर्ड करेल.

कोणाला लॉक काढायचं असेल तर भोकावर सेलोटेप लावतात, पण क्रोम कॅसेटला त्या भोकाला लागूनच आणखी एक खाच असते, टेप कुठल्या जातीची ते डेकला सांगणारी, ती झाकली जाऊ देऊ नका.

आता तुमच्या कॅसेटची मला खरी काळजी वाटते ती मुलांपेक्षा बुरशीची. आपल्याकडच्या दमट हवेत टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड धरते, खिडकीतून उजेडाकडे धरून बघा. दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, पूड हेडवर बसते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते, शिवाय चिकटलेली टेप ओढली जाऊन तुटू शकते. अशी कॅसेट जुन्या टेपांचं काम जाणणाऱ्या माणसाकडे द्या. बाकीच्या स्वच्छ असतील त्या डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, मोबाईल डेकसमोर धरून नको, घुमटाचा खालचा घुमार त्यात येत नाही आणि पंख्याचा आवाज मात्र येतो. लॅपटॉपला नुसतं माइकचं भोक असेल तर आवाज फाटतो, तेव्हा लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आधी हेड स्पिरिटने पुसा, आणि पहिल्यांदा चालवाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, जुनी टेप दुसऱ्यांदा तशीच वाजेल याची हमी नसते. नंतर लॅपटॉपवरून मोबाईलमध्ये आणि घरातल्या सगळ्यांना पाठवा, जितक्या जणांकडे असेल तितकं बरं.

प्रश्न : मी कायद्याचं शिक्षण घेतेय. पोलीस जप्त केलेला पेनड्राइव्ह नाहीतर मेमरी कार्ड तपासतात तेव्हा त्यात काही बदल झाला नाही हे कोर्टाला कसं पटवतात? लॉकची पट्टी सरकवून?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही, पट्टीवर कोणीच विसंबत नाही, का ते वर आलंच आहे. तपासणारे लोक मधे राइट ब्लॉकर नावाचं वेगळं यंत्र लावतात. एका बाजूला पुरावा, दुसऱ्या बाजूला तपासाचा कॉम्प्युटर, आणि मधलं यंत्र वाचायचे आदेश जाऊ देतं, लिहायचे अडवतं. हे लागतं कारण आपण काही न करता नुसता पेनड्राइव्ह जोडला तरी कॉम्प्युटर स्वतःहून त्यात बारीकसारीक लिहू शकतो, कुठली फाईल कधी उघडली त्या तारखा बदलतात, विंडोज एखादं लपलेलं फोल्डर करून ठेवतं. म्हणजे इथे मीडियावरही भरवसा नाही आणि ड्राइव्हवरही नाही, दोघांच्या मधे तिसराच उभा केला, आणि पुराव्याच्या कामाला तेच योग्य आहे. अमेरिकेची एनआयएसटी ही संस्था असल्या ब्लॉकरांच्या चाचण्या घेऊन निकाल जाहीर करते.

दुसरी गोष्ट हॅश. मूळ डेटावरून गणित करून एक लांबलचक आकडा काढतात, आत एक बिट जरी बदललं तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्या नमुन्यातच हॅशची किंमत आणि ती कुठल्या पद्धतीने काढली ते लिहायची जागा आहे. पूर्वीच्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब मध्ये असा ठरलेला नमुना नव्हता. तुम्ही शिकताय तर अधिनियमाच्या शेवटी जोडलेली ती अनुसूची काढून स्वतः वाचा, दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि एक तज्ज्ञाने.

प्रश्न : मायक्रो एसडीला पट्टीच नसते, मग ते लॉक कसं करायचं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून त्याची पट्टी सरकवता येते, पण ते लॉक अडॅप्टरचं झालं. कार्ड काढून मोबाईलमध्ये घातलं की त्याला काही लॉक नाही, आणि अडॅप्टरमध्ये असतानाही रीडर पाळेल तरच. मोबाईलमधले फोटो जपायचे असतील तर ते कार्डावरून दुसरीकडे कॉपी करून ठेवा.